मोबाईलच्या लहरी, मेंदूच्या पेशी आणि अल्झायमर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीची सभा गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसवू द्यायचा की नाही, या एकाच विषयावर अडीच तास चालली. एका ज्येष्ठ सभासदांनी टॉवरच्या लहरींनी मेंदूच्या पेशी मरतात असे सांगणारे वर्तमानपत्राचे कात्रण खिशातून काढले, तर दुसऱ्यांनी त्याच लहरींनी उंदरांचा अल्झायमर बरा झाल्याचे कात्रण पुढे केले. दोन्ही कात्रणे खऱ्या संशोधनावर आधारलेली होती, आणि खरी अडचण तीच होती. मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले असल्याने खुलासा करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आणि पुढे मिरज, तासगाव, कऱ्हाडहूनही ओळखीचे लोक तेच प्रश्न विचारू लागले. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र ठेवली आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधोपचाराचे निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावेत.

मोबाईलच्या लहरी एक्स-रेसारख्याच घातक नसतात का?

दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच आहेत, परंतु रेणूंमधला बंध तुटतो की नाही हे लहरीच्या कंप्रतेवर, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा कंप पावते यावर ठरते, ती किती प्रमाणात येते यावर नाही. झाडावरचा आंबा पाडायला एक दगड नेमका लागावा लागतो. पाचोळ्याच्या हजार मुठी फेकल्या तरी आंबा पडत नाही. ९०० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला नव्वद कोटी कंपांच्या, लहरीचा एक ऊर्जाकण हा आपल्या शरीराच्या नेहमीच्या तापमानाला रेणूंची जी स्वाभाविक धडपड चालू असते, तिच्या ऊर्जेच्या सुमारे सात हजाराव्या भागाएवढा असतो. त्यामुळे एक्स-रे ज्या पद्धतीने डीएनए तोडू शकतो, त्या पद्धतीने मोबाईलची लहर तो तोडू शकत नाही.

पाचोळा पुरेसा साठला तर त्याची ऊब मात्र लागते. रेडिओ लहरींचा निर्विवादपणे सिद्ध झालेला परिणाम हाच आहे की त्या शोषल्या गेल्या म्हणजे ऊतक तापते, आणि सगळ्या सुरक्षा मर्यादा या तापण्यावरच आधारलेल्या आहेत. तापण्याइतकी तीव्रता नसतानाही पेशींमध्ये काही घडते का, हा वादाचा खरा मुद्दा आहे आणि पुढची बहुतेक उत्तरे त्याच्याशीच निगडित आहेत.

फोन कानाला लावल्यावर मेंदूपर्यंत किती लहरी पोहोचतात?

शरीराचा एक किलो भाग दर सेकंदाला किती ऊर्जा शोषतो, हे 'एसएआर' या आकड्याने सांगतात. भारतात सप्टेंबर २०१२ पासून हँडसेटसाठी ही मर्यादा १.६ वॉट प्रतिकिलो आहे आणि ती कोणत्याही एक ग्रॅम ऊतकावर मोजली जाते. तुमच्या फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश असे दाबलेत तर बहुतेक हँडसेट आपला आकडा पडद्यावर दाखवतात. तो आकडा फोन पूर्ण जोरात चालत असतानाचा असतो, रोजच्या बोलण्यातला नव्हे. मर्यादेजवळच्या शोषणानेही मेंदूचे तापमान साधारण एक दशांश अंश सेल्सिअसने वाढते. साध्या कणकणीत ते याच्या कितीतरी पट वाढते. बराच वेळ बोलल्यावर कान गरम लागतो त्याचे कारण मुख्यतः तापलेली बॅटरी आणि कानावर दाबून धरलेली काच हे आहे.

येथे एक गोष्ट लोकांच्या समजुतीच्या नेमकी उलट आहे. टॉवर जवळ असला की फोन अगदी हळू आवाजात बोलतो, आणि रेंज कमी झाली की तो ओरडू लागतो. साताऱ्याच्या भर पेठेत चार दांड्या दिसत असताना केलेल्या कॉलपेक्षा कोयना खोऱ्यात किंवा पाटणच्या वरच्या वाड्यांमध्ये एका दांडीवर केलेल्या कॉलच्या वेळी डोक्याशी धरलेला फोन कितीतरी अधिक जोराने लहरी सोडत असतो. गावातला टॉवर हटवला तर डोक्यावर येणाऱ्या लहरी कमी होत नाहीत, कारण त्यातला मोठा वाटा हातातल्या फोनचा असतो.

अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींना नेमके काय होते?

अलोईस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर या स्त्रीला तपासले. १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना दोन गोष्टी आढळल्या : चेतापेशींच्या बाहेर साठलेले प्रथिनांचे डाग आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता. आज आपण बाहेरच्या प्रथिनाला बीटा अमायलॉइड आणि आतल्या प्रथिनाला टाऊ म्हणतो. अमायलॉइड साठण्याची सुरुवात पहिला विसर लक्षात येण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी झालेली असू शकते. आपल्याकडे अजूनही ज्याला म्हातारचळ म्हणून सोडून दिले जाते, तो वयाचा स्वभाव नसून आजार आहे. लहरींविषयीच्या प्रयोगांमध्ये अमायलॉइडचा उल्लेख सतत येतो, म्हणून हे आधी सांगितले.

लहरींमुळे उंदरांचा अल्झायमर बरा झाला, हे खरे आहे का?

बरा झाला हा शब्द मोठा आहे, पण प्रयोग खरा आहे. अमेरिकेतील साउथ फ्लोरिडा विद्यापीठातील गॅरी अरेंडॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१० च्या जानेवारीत प्रसिद्ध केला. जनुकीय बदल करून अल्झायमरसारखा आजार होईल असे घडवलेले उंदीर आणि साधे उंदीर यांचे पिंजरे एका अँटेनाभोवती मांडले होते. दिवसातून दोनदा एकेक तास ९१८ मेगाहर्ट्झच्या लहरी त्यांच्यावर सोडल्या जात आणि हे सात ते नऊ महिने चालले. लहान वयापासून लहरी मिळालेल्या उंदरांची स्मृती टिकली, वय झालेल्या उंदरांचीही सुधारली आणि मेंदूतील अमायलॉइडचे डाग कमी आढळले. या निष्कर्षाचे आश्चर्य स्वतः संशोधकांनाही वाटले होते.

आता हा प्रयोग जवळून पाहू. या उंदरांच्या जनुकांमध्येच अमायलॉइड भरमसाट तयार करण्याची सोय केलेली असते. माणसांतले बहुतेक अल्झायमर असे एका जनुकामुळे होत नाहीत. वय, इतर आजार आणि अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा यांतून ते घडतात. शिवाय लहरी उंदराच्या सगळ्या शरीरावर पडत होत्या, आणि एवढ्याशा प्राण्याच्या मेंदूपर्यंत पोहोचायला लहरींना काही मिलिमीटरच पार करावे लागतात. आपल्या डोक्यात त्या कवटीतून आत जाताना झपाट्याने क्षीण होतात आणि अल्झायमरची सुरुवात जिथे होते तो हिप्पोकॅम्पसचा परिसर तर मेंदूच्या बराच आत असतो. उंदराचे सात-आठ महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा, हेही विसरता कामा नये.

याच दिशेचा एक प्रयोग पुढे दक्षिण कोरियात झाला. तेथील गटाने वेगळ्या जातीच्या जनुकबदल केलेल्या उंदरांना १,९५० मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसाला दोन तास, आठवड्यातून पाच दिवस, आठ महिने दिल्या, तेव्हा त्यांच्याही मेंदूत अमायलॉइड कमी आढळले. मात्र तीनच महिने लहरी दिल्या असता असा फरक दिसला नव्हता. तिथली मात्रा ५ वॉट प्रतिकिलो होती. सामान्य माणसाच्या संपूर्ण शरीरासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा ०.०८ वॉट प्रतिकिलो आहे, म्हणजे उंदरांना तिच्या साठपटीहून अधिक मात्रा मिळत होती. ज्यांनी सभेत दुसरे कात्रण आणले होते त्यांना मी हा आकडा सांगितला, तेव्हा 'मग फोन दिवसभर कानाला लावून काहीच उपयोग नाही म्हणा की' असे म्हणून त्यांनी कात्रण पुन्हा घडी घालून ठेवले. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

माणसांवर असा उपचार करून पाहिला आहे का?

होय, पण फारच थोड्या जणांवर. अरेंडॅश यांच्याच गटाने डोक्यावर घालायचे एक उपकरण तयार केले, त्यात अनेक छोटे लहरी-प्रक्षेपक बसवलेले असतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्या आठ रुग्णांनी ते घरीच, दिवसातून दोनदा तासभर, दोन महिने वापरले. आठपैकी सात जणांचे स्मृतिचाचणीतले गुण सुधारले आणि घातक परिणाम आढळले नाहीत.

ही बातमी वाचून आशा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या चाचणीत तुलनेसाठी खोटे उपकरण घातलेला गट नव्हता. घरातील माणूस रोज दोनदा शेजारी बसतो, चौकशी करतो, तीच चाचणी पुन्हा दिल्यावर प्रश्न ओळखीचे वाटतात, एवढ्यानेही गुण वाढू शकतात. आठ रुग्णांवरून औषध ठरत नाही. असे यंत्र म्हणून कोणी एखादी टोपी वा पट्टा विकायला आणला तर पैसे देऊ नयेत.

मग लहरींमुळे मेंदूच्या पेशी मरतात हे दाखवणारे प्रयोग कुठले?

सर्वाधिक गाजलेला प्रयोग स्वीडनमधील लुंड येथील लेफ साल्फोर्ड यांच्या गटाचा, २००३ सालचा. उंदरांना केवळ दोन तास मोबाईलच्या लहरी दिल्या आणि पन्नास दिवसांनी मेंदू तपासला, तेव्हा रक्तातील प्रथिन मेंदूत झिरपल्याच्या खुणा आणि काळवंडलेल्या चेतापेशी आढळल्या. रक्तवाहिन्या आणि मेंदू यांच्यामध्ये जो बारीक गाळणीसारखा अडसर असतो, तो सैल झाला असा त्याचा अर्थ लावला गेला. अल्झायमरमध्येही हा अडसर बिघडतो, म्हणून घबराट अधिक झाली. त्यानंतर फ्रान्स आणि अमेरिकेतील स्वतंत्र गटांनी हाच प्रयोग काटेकोरपणे पुन्हा केला, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तिन्ही अहवालांत तसा परिणाम आढळला नाही.

डीएनएचे तसेच. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री लाय आणि नरेंद्र सिंग यांनी १९९५ मध्ये उंदरांच्या मेंदूपेशींतील डीएनएचे धागे तुटलेले दाखवले. सेंट लुईसच्या, नावाने जवळजवळ सारख्याच पण अगदी वेगळ्या विद्यापीठातील गटाला ते पुन्हा दाखवता आले नाहीत. वर्तमानपत्रात पहिला प्रयोग पहिल्या पानावर येतो आणि दुसरा येतच नाही. आमच्या सभेतले पहिले कात्रण २००३ च्याच प्रयोगाचे होते, कागद पिवळा पडला होता.

अलीकडचा लक्षात घेण्याजोगा प्रयोग कोरियातला, २०१७ सालचा. उंदरांना ८३५ मेगाहर्ट्झच्या लहरी ४ वॉट प्रतिकिलो या मात्रेने रोज पाच तास, बारा आठवडे दिल्यावर चेतातंतूंवरील मायलिनच्या वेष्टनाची हानी झाली आणि पेशींमधील स्वच्छतेची क्रिया वाढली. पेशी स्वतःतला निकामी मालमसाला गोळा करून पचवते, त्या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. तिच्यावरील कामासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. ही क्रिया वाढली म्हणजे पेशीवर ताण आहे असे म्हणता येते, आणि पेशी अमायलॉइडसारखा कचरा अधिक काढते आहे असेही म्हणता येते. एकाच बदलाचा एक गट हानी म्हणून आणि दुसरा उपकार म्हणून अर्थ लावतो. माझ्या मते दोन्ही कात्रणांचे मूळ येथे आहे : पेशीत बदल झाला एवढ्यावरून तो आजाराकडे नेणारा की आजारापासून दूर नेणारा, हे ठरत नाही.

म्हणजे साध्या फोनमुळे माणसाच्या मेंदूत काहीच होत नाही का?

काही होते. अमेरिकेत नोरा वोल्को यांच्या गटाने २०११ मध्ये ४७ निरोगी लोकांच्या कानाला फोन बांधून पन्नास मिनिटे तो आवाज बंद करून चालू ठेवला आणि मेंदू किती साखर वापरतो ते मोजले. संपूर्ण मेंदूत फरक नव्हता, पण अँटेनाजवळच्या भागात साखरेचा वापर सुमारे ७ टक्क्यांनी वाढला होता. फोनच्या लहरींनी मेंदूच्या विद्युत आलेखातील अल्फा लयही किंचित बदलते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. पण जिना चढल्यावर नाडी वाढते तसा हा बदल आहे. त्याला आजार म्हणता येत नाही.

फोन वापरणाऱ्या माणसांमध्ये अल्झायमर जास्त आढळतो का?

डेन्मार्कमध्ये ४,२०,०९५ मोबाईलधारकांच्या रुग्णालयीन नोंदी तपासल्या गेल्या आणि निष्कर्ष २००९ मध्ये आले. अल्झायमर व अन्य स्मृतिभ्रंशांचे प्रमाण त्यांच्यात ३० ते ४० टक्क्यांनी कमी निघाले. अर्धशिशी आणि चक्कर यांचे प्रमाण मात्र १० ते २० टक्के जास्त होते.

यावरून फोन मेंदूचे रक्षण करतो असे म्हणायचा मोह होतो. पण हे लोक १९९५ पर्यंत फोन घेतलेले होते, म्हणजे बहुधा सुस्थितीतले. शिवाय ज्याची स्मृती हळूहळू ढासळू लागली आहे तो नवे यंत्र घ्यायलाच जात नाही. आमच्या आत्याने घरातला साधा फोन वापरणे सोडले ते आजाराचे निदान होण्याच्या चार वर्षे आधी. आकडे दाबताना मध्येच थांबायची आणि 'तूच लाव रे' म्हणून रिसीव्हर माझ्याकडे द्यायची. आजाराने फोन दूर केला होता, फोनने आजार नव्हे. संशोधकांनीही हीच शक्यता मांडली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने या लहरी धोकादायक ठरवल्या आहेत ना?

संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये त्या '२ ब' गटात, म्हणजे कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही अशा गटात घातल्या. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्याही आहेत. हे वर्गीकरण कर्करोगाचे आहे, अल्झायमरचे नाही. आणि संघटनेनेच करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात, ६३ अभ्यास तपासून, मोबाईलचा मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही.

घराशेजारच्या टॉवरचे काय?

भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरला ०.४५ वॉट झाली. अँटेना लहरी समोर दूरवर फेकते, खाली नाही, त्यामुळे ज्या इमारतीवर टॉवर आहे तिच्या वरच्या मजल्यापेक्षा समोरच्या इमारतीत बहुधा जास्त लहरी पोहोचतात. शंका असल्यास दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर शुल्क भरून मोजणी मागता येते. आमच्या सोसायटीने शेवटी टॉवर नाकारला, पण तो गच्चीच्या गळतीच्या कारणावरून.

कोयनेहून येणाऱ्या हाय टेन्शन तारांचा आणि अल्झायमरचा संबंध आहे का?

हा प्रश्न कऱ्हाडकडून हमखास येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते, तर मोबाईलच्या लहरी सत्तर कोटी किंवा त्याहून अधिक. त्यामुळे एकीचा निष्कर्ष दुसरीला लावू नये. स्वित्झर्लंडमधील २००९ च्या एका अभ्यासात मोठ्या विद्युतवाहिनीच्या ५० मीटरच्या आत पंधरा वर्षे किंवा अधिक काळ राहणाऱ्यांमध्ये अल्झायमरने होणारे मृत्यू सुमारे दुप्पट आढळले, पण असे रुग्ण मोजकेच होते. २०१३ च्या डॅनिश अभ्यासाने त्याला फारसा दुजोरा दिला नाही. वेल्डिंगसारख्या कामात तीव्र चुंबकीय क्षेत्राशी रोज संबंध येणाऱ्या लोकांमध्ये थोडी वाढ दाखवणारे अभ्यास मात्र आहेत. खरे सांगायचे तर अल्झायमरच्या बाबतीत मोबाईलपेक्षा या प्रश्नाची फाईल अधिक उघडी आहे.

लहरी कमी करायच्याच असतील तर काय करावे?

स्पीकर किंवा इअरफोनवर बोलावे, कारण अंतर थोडे वाढले तरी शोषण झपाट्याने घटते. घाटात किंवा एस.टी.त रेंज येत-जात असताना लांबलचक कॉल टाळावा. फोनच्या पाठीला चिकटवायच्या 'अँटी-रेडिएशन' चिपा घेऊ नयेत. त्यांनी लहरी खरोखर अडवल्या तर फोन टॉवरला गाठण्यासाठी जोर वाढवील.

मग अल्झायमर टाळण्यासाठी लक्ष कशाकडे द्यावे? हळद उपयोगी पडते का?

हळदीचा प्रश्न सांगलीत आल्याशिवाय राहत नाही. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत अमायलॉइडवर काम करते, पण पोटातून रक्तात फारच थोडे जाते आणि रुग्णांवरील चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. भाजीत हळद अवश्य घालावी, औषध म्हणून तिच्यावर विसंबू नये.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, आपल्याला बदलता येणारी चौदा कारणे दिली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा, डोक्याला मार, हवेचे प्रदूषण, अधू दृष्टी आणि बहिरेपण आहे. ही सगळी दूर झाली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब आहे. रेडिओ लहरी त्या यादीत नाहीत. कोलेस्टेरॉलच्या बरोबरीने सर्वांत मोठा वाटा बहिरेपणाचा आहे. सभेत टॉवरच्या विरोधात सर्वांत तावातावाने बोललेल्या गृहस्थांचे श्रवणयंत्र, ते स्वतःच नंतर म्हणाले त्याप्रमाणे, दोन वर्षांपासून डबीसकट कपाटाच्या खणात पडून होते. बॅटरी संपली होती आणि शिट्टी वाजते म्हणून ते घालत नव्हते. शिट्टी वाजते ती बहुधा कानातला साचा सैल बसल्यामुळे, आणि तो बदलून मिळतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना विसर पडू लागला आहे. त्यांचा मोबाईल काढून घ्यावा का?

लहरींच्या भीतीने काढून घेऊ नये. फसवणुकीचे कॉल येत असतील तर बँकेचे अॅप काढून टाकावे आणि मोजके नंबर फोटोंसह ठेवावेत, पण फोन खिशात असू द्यावा; रस्ता चुकला तर तोच त्यांना घरी आणतो. डॉक्टरांकडे लवकर न्यावे, कारण बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड आणि नैराश्य यांनीही असाच विसर पडतो आणि त्यांवर उपचार होतात. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसह पिशवीत घ्याव्यात, चष्मा आणि श्रवणयंत्र लावून न्यावे आणि रोज त्यांच्याबरोबर राहणारी व्यक्तीच सोबत जावी. पुण्याहून सुट्टीला आलेल्या मुलापेक्षा घरातल्या सुनेला 'चहात साखर दोनदा कधीपासून पडते' हे अधिक नेमके सांगता येते.